परदेशातलं युद्ध आणि घरातलं लोकमत : अमेरिकेचं इराक प्रकरण

अमेरिका आणि युद्ध हा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. एक म्हणजे "त्या लोकांना युद्धाशिवाय करमतच नाही", आणि दुसरं "व्हिएतनामचं युद्ध तिथल्या कॉलेजच्या पोरांनी रस्त्यावर उतरून बंद पाडलं". दोन्ही वाक्यं ऐकायला छान आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. तिथे गेली सत्तर-ऐंशी वर्षं दर युद्धात लोकांना सतत विचारलं जातंय की बाबा तुला काय वाटतं, त्यामुळे आकडे धो धो आहेत, आणि ते नीट लावून बघितले तर दिसतं ते थोडं वेगळंच. लोक युद्धाच्या बाजूला यायला आठवडा-पंधरा दिवस पुरतात, तेच मत उलटायला वर्ष-दीड वर्ष लागतं (कधी तीन), आणि मत उलटल्यावर सैन्य घरी यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. माझ्या मते या शेवटच्या गॅपबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, आणि माणसं तिथेही हजारोंनी मरतात.

उदाहरण म्हणून इराकचं २००३ चं युद्ध घेऊ, कारण ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर लाइव्ह बघितलंय, आणि बरीचशी कागदपत्रं पण आता बाहेर आलीयेत.

आधी पोलबद्दल थोडं. गॅलप नावाची संस्था १९३५ पासून हे काम करते. साधारण हजार लोकांना विचारतात आणि त्यावरून देशाचं मत सांगतात, आता हजार म्हणजे फारच कमी वाटतात पण शितावरून भाताची परीक्षा होते तसंच आहे, फक्त शित पातेल्याच्या सगळ्या बाजूंनी घेतलेलं असलं पाहिजे, तर तीन-चार टक्के इकडेतिकडे होऊन उत्तर बरोबर येतं. युद्धाच्या बाबतीत त्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे, कोरियाच्या युद्धापासूनचा : अमेरिकेने तिथे सैन्य पाठवून चूक केली असं तुम्हाला वाटतं का? शब्द थोडेफार बदलतात, पण प्रश्न तोच, म्हणून सत्तर वर्षांपूर्वीचं उत्तर आणि आजचं उत्तर शेजारी ठेवता येतं. हे फार सोयीचं आहे.

तर मार्च २००३. बगदादवर बॉम्ब पडायला लागल्यावर गॅलपने हा प्रश्न विचारला तेव्हा फक्त २३ टक्के लोक म्हणाले चूक आहे. ७५ टक्के म्हणाले बरोबर आहे. प्रेसिडेंट बुश यांचं काम पसंत आहे म्हणणारे युद्धाच्या आधी ५८ टक्के होते, आठवड्याभरात ७१ झाले. त्याच्याही आधी, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तर हेच बुश दोन आठवड्यांच्या आत ५१ वरून ९० टक्क्यांवर गेले होते, गॅलपच्या इतिहासातला तो रेकॉर्ड आहे. आता दोन आठवड्यांत बुश यांनी असं काय केलं होतं? काही नाही. संकट आलं की लोक झेंड्याभोवती गोळा होतात, आणि झेंडा ज्याच्या हातात असतो त्याला ते मार्क फुकटात मिळतात. जॉन म्यूलर म्हणून एक राज्यशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांनी १९७० च्या सुमाराला हे आकड्यांनिशी मांडलं.

यातली गंमत म्हणजे नेता जिंकलाच पाहिजे अशीही अट नाही. १९६१ च्या एप्रिलमधे केनेडींच्या सरकारने क्यूबावर बे ऑफ पिग्जला जी चढाई करवली ती पार फसली, जगभर नाचक्की झाली, आणि त्यानंतर केनेडींची लोकप्रियता गेली ८३ टक्क्यांवर.

पण हा फुगवटा टिकत नाही. बुश यांचे वडील, थोरले बुश, १९९१ मधे इराकच्या ताब्यातून कुवेत सोडवायचं युद्ध जिंकले तेव्हा ८९ टक्क्यांवर होते, समोर उभं राहायला कोणी मोठा डेमोक्रॅट तयार नव्हता. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ते २९ वर आले आणि नोव्हेंबरात क्लिंटनकडून हरले. कुवेत तसंच मोकळं होतं, विजय कुठे गेला नव्हता, पण लोकांचं लक्ष नोकऱ्या आणि मंदीकडे वळलं होतं. (आपल्याकडे १९७१ चं युद्ध जिंकल्यावर इंदिरा गांधींच्या बाबतीत दोन-तीन वर्षांत काय झालं ते आठवा, तिथे महागाई होती.)

आता इराकला लोकांनी पाठिंबा का दिला हे बघायचं तर जरा मागे जावं लागतं. लोकांना इराकबद्दल काय माहीत होतं? बहुतेकांना नकाशावरही सापडला नसता, आणि यात हसण्यासारखं काही नाही, आपल्यातल्या किती जणांना आत्ता येमेन पटकन दाखवता येईल? परदेशाच्या बाबतीत सामान्य माणूस स्वतः अभ्यास करून मत बनवत नाही, त्याला तेवढा वेळ नसतो. तो बघतो की आपल्या विश्वासातले नेते काय म्हणतायत. आणि तिथले नेते जवळजवळ एका सुरात बोलत होते. ऑक्टोबर २००२ मधे युद्धाचा अधिकार देणारा ठराव अमेरिकन संसदेत, हाउसमधे २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमधे ७७ विरुद्ध २३ असा पास झाला, बाजूने मत देणाऱ्यांत हिलरी क्लिंटन, जॉन केरी, जो बायडन सगळे होते. ५ फेब्रुवारी २००३ ला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यूएनमधे गेले आणि एक छोटीशी कुपी हातात धरून सांगितलं की एवढ्याशा अँथ्रॅक्सने (म्हणजे जीवघेण्या जंतूंनी) काय होऊ शकतं, आणि इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनकडे अशी शस्त्रं आहेत. पॉवेल म्हणजे त्या सरकारातला सगळ्यात विश्वासू चेहरा, स्वतः व्हिएतनाममधे लढलेला माणूस, त्यामुळे ज्यांना बुश आवडत नव्हते तेही म्हणाले की हा माणूस सांगतोय म्हणजे काहीतरी असणार. नंतर कळलं की ती शस्त्रं नव्हतीच, खुद्द अमेरिकेच्या तपास पथकाने २००४ मधे तसं लिहून दिलं.

याहून अवघड गोष्ट म्हणजे ऑगस्ट २००३ मधे वॉशिंग्टन पोस्टच्या पोलमधे ६९ टक्के लोक म्हणाले की अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दामचा स्वतःचा हात असण्याची शक्यता आहे. कुठलाच पुरावा नव्हता. सरकारने हे असं सरळ कधी म्हटलं पण नव्हतं, फक्त भाषणात एका वाक्यात अकरा सप्टेंबर आणि पुढच्या वाक्यात सद्दाम असं वर्षभर चाललं होतं, बाकीचं काम ऐकणाऱ्याच्या डोक्याने आपोआप केलं. मला तरी यात लोकांचा मूर्खपणा वाटत नाही, दोन वाक्यं शेजारी ठेवून ऐकवणाऱ्याची हुशारी वाटते.

आणि प्रश्न कसा विचारला यावरही खूप अवलंबून असतं. युद्धाच्या आधी पोलवाल्यांनी "यूएनची परवानगी असेल तर?" असं विचारलं की पाठिंबा भरपूर, आणि "अमेरिका एकटीच गेली तर?" म्हटलं की तोच पाठिंबा धपकन खाली. म्हणजे लोक अटी घालत होते. पण यूएनच्या परवानगीशिवाय युद्ध सुरू झालं आणि अटी गायब झाल्या, कारण आता आपली पोरं तिथे आहेत, आता काय प्रश्न विचारायचे. ज्यांना युद्ध हवं असतं त्यांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून त्यांची घाई सुरू करण्याची असते.

त्या दिवसांत विरोध करणाऱ्याचं काय व्हायचं हे डिक्सी चिक्सच्या प्रकरणात दिसतं. टेक्सासच्या तीन बायकांचा कंट्री म्युझिकचा ग्रुप, तेव्हा तुफान खपणारा. १० मार्च २००३ ला लंडनमधल्या एका शोमधे त्यांची मुख्य गायिका नॅटली मेन्स दोन गाण्यांच्या मधे बोलता बोलता म्हणाली की आम्हाला हे युद्ध नको आहे आणि प्रेसिडेंट टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. झालं. कंट्री रेडिओ स्टेशनांनी त्यांची गाणी वाजवणं बंद केलं, लुइझियानात लोकांनी त्यांच्या सीडी गोळा करून त्यावर चक्क ट्रॅक्टर फिरवला. लक्षात घ्या, हे कुठल्या हुकूमशहाने केलेलं नव्हतं, सरकारी बंदी वगैरे काही नव्हती, लोकांनीच केलं. बघणाऱ्या बाकीच्या गायकांनी, आणि टीव्हीवरच्या अँकरांनी पण, काय समजायचं ते समजून घेतलं. फ्रान्सने युद्धाला विरोध केला म्हणून अमेरिकन संसदेच्या कँटीनमधे फ्रेंच फ्राइजचं नाव बदलून फ्रीडम फ्राइज केलं होतं, तेही याच महिन्यात. २००७ च्या फेब्रुवारीत त्याच तिघींना एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाले. चार वर्षांत देश इकडून तिकडे गेला होता.

तर मधल्या काळात काय झालं?

१ मे २००३ ला बुश नौदलाच्या जेट विमानातून युद्धनौकेवर उतरले आणि मागे "कामगिरी फत्ते" अशा अर्थाचा भला मोठा बॅनर लावून भाषण केलं. तोपर्यंत अमेरिकेचे दीडशेच्या आसपास सैनिक गेले होते. मग रस्त्याकडेला पुरलेले बॉम्ब सुरू झाले, ऑगस्टमधे बगदादचं यूएनचं ऑफिसच उडवलं आणि त्यात यूएनचे प्रतिनिधी सर्जिओ विएरा डी मेलो गेले, एप्रिल २००४ मधे फलुजात घनघोर लढाई पेटली आणि त्याच महिन्याच्या शेवटी अबू गरेब तुरुंगातले फोटो टीव्हीवर आले, ज्यात अमेरिकन सैनिक कैद्यांना नागडं करून त्यांच्याशेजारी हसत उभे होते. जून २००४ मधे गॅलपने पुन्हा तोच प्रश्न विचारला तेव्हा पहिल्यांदा निम्म्याहून जास्त, ५४ टक्के लोक म्हणाले की हो, चूक केली. पुढे हा आकडा वर्षभर खालीवर झाला आणि मग कायमचा तिकडेच बसला.

म्यूलर यांनी कोरिया आणि व्हिएतनामवरून एक नियम काढला होता तो इथे लागू पडतो. पाठिंबा मृतांच्या संख्येबरोबर उतरतो, पण सरळ रेषेत नाही. सुरुवातीचे मृत्यू जास्त लागतात. शंभरावरून हजारावर जाताना पाठिंबा जेवढा पडतो, तेवढाच पुन्हा पडायला हजारावरून दहा हजार व्हावे लागतात. ऐकायला क्रूर वाटतं पण माणसाचं मन तसंच चालतं, पहिल्या बातमीला दचकतो आणि शंभराव्या बातमीला चॅनल बदलतो.

व्हिएतनाममधे "चूक" म्हणणारे १९६५ च्या ऑगस्टमधे २४ टक्के होते आणि निम्म्याच्या वर गेले ते १९६८ च्या ऑगस्टमधे, तोपर्यंत अमेरिकेचे पंचवीस हजारांच्या पुढे सैनिक मेले होते. इराकमधे तीच पातळी हजार मृत्यू व्हायच्या आतच आली. एवढा फरक का? लोक नाजूक झाले म्हणून असं काही जण म्हणतात, मला ते पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे चार लाख सैनिक मेले तरी पाठिंबा हलला नव्हता. माणूस किंमत मोजायला तयार असतो, फक्त कशासाठी ते त्याला पटलं पाहिजे. इराकमधे कारणच विरघळलं, शस्त्रं सापडेनात, मग सांगायला लागले की लोकशाही आणायचीय, आणि टीव्हीवर रोज जळक्या गाड्या. काही अभ्यासक म्हणतात की मृतांच्या आकड्यापेक्षा "आपण जिंकणार का" याचं उत्तर जास्त महत्त्वाचं असतं, जिंकण्याची आशा असेल तर लोक बरंच सोसतात. दोघांचं भांडण अजून चालू आहे, मला वाटतं दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकमेकांत अडकलेलं आहे.

इथे एक मोठा बदल सांगायला हवा नाहीतर पुढचं समजणार नाही. व्हिएतनामच्या वेळी सक्तीची भरती होती. १ डिसेंबर १९६९ ला तर टीव्हीवर लॉटरी काढली, काचेच्या बरणीत वर्षातल्या सगळ्या तारखा टाकल्या आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या त्या क्रमाने त्या तारखेला जन्मलेल्या पोरांचा नंबर. पहिली चिठ्ठी १४ सप्टेंबरची निघाली. म्हणजे १४ सप्टेंबरला जन्मलेल्या पोराच्या घरात त्या रात्री व्हिएतनाम हा परदेशाचा प्रश्न राहिला नाही. १९७३ मधे ही भरती बंद झाली, तेव्हापासून सगळं सैन्य पगारी आणि मर्जीने आलेलं. इराकच्या वेळी लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी लोक सैन्यात होते. पैशाचंही तसंच, तेव्हाचे प्रेसिडेंट जॉन्सन यांना १९६८ मधे व्हिएतनामच्या खर्चापायी इन्कम टॅक्सवर १० टक्के सरचार्ज लावावा लागला होता आणि लोक चिडले होते, बुश यांनी मे २००३ मधे, युद्ध चालू असताना, टॅक्स कमी केला. खर्च कर्ज काढून. सैनिकांच्या शवपेट्या अमेरिकेतल्या डोव्हरच्या लष्करी विमानतळावर उतरायच्या त्यांचे फोटो घ्यायला १९९१ पासून बंदीच होती, ती २००९ मधे उठली. म्हणजे ९९ टक्के घरांना ना मुलगा पाठवायचा, ना पैसा द्यायचा, ना पेटी बघायची. अशा घरातल्या माणसाला विचारलं की युद्ध चूक आहे का तर तो "हो, चूक आहे" म्हणेल आणि जेवायला बसेल.

मग आता ती गॅप. नोव्हेंबर २००४ मधे, "चूक" म्हणणारे निम्म्याच्या आसपास असताना, बुश पुन्हा निवडून आले. कसे? कारण समोर जॉन केरी होते, ज्यांनी युद्धाच्या ठरावाला स्वतः हो म्हटलेलं होतं, आणि नंतर युद्धाच्या ८७ अब्ज डॉलरच्या खर्चाबद्दल ते असं म्हणून गेले की मी आधी त्याच्या बाजूने मत दिलं आणि मग विरोधात दिलं. बुश यांच्या प्रचारवाल्यांनी ते वाक्य जाहिरातीत घालून महिनोन् महिने वाजवलं. लोकांना मत होतं, पण ते टाकायला पेटी नव्हती.

दुसरं कारण जास्त खोल आहे. "पाठवून चूक केली का" आणि "आता लगेच परत बोलवावं का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला हो म्हणणारे कितीतरी लोक दुसऱ्याला नाही म्हणायचे. आता गेलोच आहोत तर अर्ध्यात सोडून कसं येणार, एवढी पोरं गेली ती वाया गेली असं म्हणायचं का, आणि आपण निघालो तर तिथे कत्तल होईल त्याचं काय. यातला शेवटचा मुद्दा तर खराच होता. त्यामुळे युद्ध चूक आहे असं मानणारा देश ते युद्ध चालू ठेवायला पण राजी असतो, आणि सरकारला वेळ मिळतो.

२००६ च्या नोव्हेंबरमधे लोकांनी शेवटी मतपेटीतून सांगितलं, दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सच्या हातात दिली, दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना जावं लागलं. सगळ्यांना वाटलं आता संपलं. दोन महिन्यांनी, १० जानेवारी २००७ ला, बुश यांनी जाहीर केलं की अजून वीस हजारांहून जास्त सैनिक पाठवतोय. आणि अमेरिकेसाठी इराकमधलं सगळ्यात जीवघेणं वर्ष ठरलं ते हेच, २००७, नऊशेच्या आसपास सैनिक त्या एका वर्षात गेले. निवडणुकीत नको म्हटल्यानंतर. व्हिएतनामचंही तसंच, १९६८ मधे लोकमत फिरलं, जॉन्सन यांनी मार्चमधे निवडणूक लढवणार नाही म्हणून जाहीर केलं, निक्सन शांततेच्या गोष्टी करत निवडून आले, आणि १९६९ पासून पुढे वीस हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक मेले. त्या काळात व्हिएतनामी आणि कंबोडियन किती मेले त्याच्यासमोर हा आकडा किरकोळ आहे, पण पोलमधे त्यांचा प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

मग रस्त्यावरच्या पोरांनी काहीच केलं नाही का? केलं, पण आपल्याला सिनेमातून वाटतं तसं नाही. पहिली गोष्ट म्हणजे व्हिएतनामच्या काळात पोल बघितले तर तरुणांपेक्षा म्हातारे लोक युद्धाच्या जास्त विरोधात होते, सुरुवातीला तर तरुण मंडळी युद्धाच्या बाजूने जास्त होती. दुसरं, युद्ध नको म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांना मोर्चेवाले मात्र अजिबात आवडायचे नाहीत. ४ मे १९७० ला केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डने (राज्याच्या राखीव सैन्याने) गोळ्या घालून चार विद्यार्थी मारले, त्यानंतरच्या पोलमधे ५८ टक्के लोकांनी दोष दिला तो विद्यार्थ्यांना, गार्डला फक्त ११ टक्क्यांनी. चार दिवसांनी न्यूयॉर्कमधे बांधकाम मजूर हेल्मेट घालून आले आणि विद्यार्थ्यांना बदडलं. म्हणजे "युद्धाला कंटाळलेले" आणि "युद्धविरोधी चळवळीतले" हे दोन वेगळे घोळके होते आणि पहिला घोळका खूप मोठा होता. निक्सन यांनी हे बरोबर ओळखलं होतं.

आपल्याकडे काय झालं तेही जाता जाता बघू, कारण इराकशी आपला धागा आहे. एप्रिल २००३ मधे आपल्या संसदेने एकमताने इराकवरच्या हल्ल्याची निंदा करणारा ठराव केला. तरी पुढच्या दोन महिन्यांत अमेरिकेने मागणी केली की एक अख्खी डिव्हिजन, म्हणजे सतरा-अठरा हजार जवान, इराकमधे पाठवा, आणि दिल्लीत ते पाठवावेत असं म्हणणारे वजनदार लोक होते बरं का, मोठ्या देशाशी दोस्ती होईल, काँट्रॅक्टं मिळतील वगैरे. पण लोकांमधे नाराजी होती, विरोधी पक्ष आणि मित्रपक्षातलेही काही विरोधात, वर्षअखेरीस चार मोठ्या राज्यांच्या निवडणुका. १४ जुलैला वाजपेयी सरकारने सांगितलं की यूएनचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय नाही. पुढच्याच महिन्यात ते यूएनचं ऑफिस उडालं. लोकमताचा परिणाम सैन्य जायच्या आधी असा पटकन होतो, आणि एकदा सैन्य गेलं की किती अवघड होतं त्याचं उदाहरणही आपल्याच घरात आहे : श्रीलंकेत १९८७ मधे शांतिसेना गेली, एलटीटीईशी लढता लढता अकराशेहून जास्त जवान गेले, मार्च १९९० मधे परत आली तेव्हा मद्रासच्या बंदरावर स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी मुद्दाम गेले नाहीत. नंतर कित्येक वर्षं त्या जवानांबद्दल देशात कोणी फारसं बोललंच नाही. ना जिंकलो म्हणता येत होतं, ना हरलो.

(आणि त्याहून जुना धागा म्हणजे पहिल्या महायुद्धात याच इराकमधे, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या, एप्रिल १९१६ मधे उपासमारीने शरण गेल्या. सातारा-रत्नागिरीच्या त्या माणसांना हे युद्ध पटतं का हा प्रश्न विचारणारं तेव्हा कोणीच नव्हतं.)

युद्धानंतरचं लोकमत हा तर अजून वेगळा प्रकार. ब्रिटनने इराकमधे अमेरिकेला साथ दिली होती, तिथे २००३ मधे यूगव्ह या पोल कंपनीने युद्धाच्या काळात बऱ्याच वेळा विचारलं तेव्हा सरासरी ५४ टक्के म्हणत होते की कारवाई योग्य आहे. २०१५ मधे त्यांनी लोकांना विचारलं, की तेव्हा, २००३ मधे, तुमचं काय मत होतं? फक्त ३७ टक्के म्हणाले की मी तेव्हा बाजूने होतो. आता बारा वर्षांत काही लोक वारले, काही नवीन मोठे झाले हे धरलं तरी मधले बाकीचे गेले कुठे? हे लोक खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं आठवतं. १५ फेब्रुवारी २००३ ला लंडनमधे निघालेला दहा लाखांचा मोर्चा टीव्हीवर इतक्या वेळा दाखवला गेलाय की आपण मनाने त्यातच होतो असं वाटायला लागतं. परिणाम असा की युद्धाची जबाबदारी सगळी तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान ब्लेअर आणि बुश या दोन नावांवर जाऊन बसते, आणि बाकीचा देश मोकळा. ब्लेअर यांचा दोष मोठाच आहे, इराक युद्धाच्या सरकारी चौकशीच्या २०१६ च्या चिलकॉट अहवालात तो सविस्तर आलाय, पण २००५ मधे त्यांना तिसऱ्यांदा कोणी निवडून दिलं?

परतलेल्यांचं आणि तिकडून आलेल्यांचं काय, याबद्दलही मत विचित्र असतं. १९७५ मधे दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर सव्वा लाखाच्या आसपास व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत आणले गेले, बरेचसे अमेरिकेच्या बाजूने काम केलेले, तेव्हा गॅलपच्या पोलमधे ५४ टक्के म्हणाले यांना इथे वसवू नका, हो म्हणणारे ३६. युद्ध संपवा ही मागणी करताना त्याचं बिल असं दारात येईल हे डोक्यात नसतं.

अफगाणिस्तानात तर हे अगदी ठळक झालं. २००१ मधे ते युद्ध चूक आहे म्हणणारे फक्त ९ टक्के होते, २०२१ पर्यंत देश निम्मा-निम्मा झाला होता. बायडन यांनी ऑगस्ट २०२१ मधे सैन्य काढलं, महिन्याअखेरच्या प्यू संस्थेच्या पोलमधे ५४ टक्के म्हणाले सैन्य काढण्याचा निर्णय बरोबर. आणि त्याच आठवड्यांत बायडन यांची लोकप्रियता घसरली ती परत कधी नीट वर आलीच नाही, कारण विमानाला लटकलेली माणसं आणि काबूल विमानतळावरच्या स्फोटात गेलेले १३ अमेरिकन सैनिक सगळ्यांनी बघितले. आधीच्या तीन प्रेसिडेंटांनी हे युद्ध पुढच्यावर का ढकललं ते यातून कळतं. थांबवणाऱ्याला लोक तत्त्वतः पाठिंबा देतात आणि प्रत्यक्षात शिक्षा.

स्वतःचा एकही सैनिक नसलेल्या युद्धातही उतरण हीच, फक्त वेगळ्या हिशोबाने. युक्रेनला मदत "जास्त होतेय" असं म्हणणारे अमेरिकन मार्च २०२२ मधे ७ टक्के होते, २०२३ च्या डिसेंबरमधे ३१. यात रिपब्लिकन मतदार ९ वरून ४८ वर गेले. त्यांचे नेते मधल्या काळात काय बोलत होते ते आठवलं की कोडं सुटतं.

आता कोणी म्हणेल की इराकमधून लोक शिकले तरी. काही काळ वाटलं होतं तसं. ऑगस्ट २०१३ मधे सीरियात रासायनिक हल्ला झाला, ओबामांनी आधीच लाल रेघ आखलेली होती (रासायनिक शस्त्रं वापरली तर आम्ही गप्प बसणार नाही अशी), पण ब्रिटनच्या संसदेने २९ ऑगस्टला २८५ विरुद्ध २७२ मतांनी कारवाईला नकार दिला, खासदारांच्या तोंडी सारखा इराकचा उल्लेख होता, आणि अमेरिकेतही पोल इतके विरोधात होते की ओबामांनी काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, परवानगी मागितली आणि मत व्हायच्या आधीच विषय गुंडाळला. सगळ्यांनी लिहिलं की अमेरिका आता युद्धाला कंटाळली. मग जून २०१४ मधे आयसिसने मोसूल घेतलं. इराकमधे हवाई हल्ले करावेत का असं विचारल्यावर तेव्हा ४५ टक्के हो म्हणाले. ऑगस्टमधे ५४. त्यानंतर दोन अमेरिकन पत्रकारांचे गळे कापल्याचे व्हिडिओ आले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच पोलमधे ७१ टक्के हो म्हणाले. १० सप्टेंबरला रात्री ओबामांनी टीव्हीवर येऊन हल्ले वाढवण्याची घोषणा केली आणि त्यात सीरियाही आलं, काँग्रेसचं वेगळं मतदान न घेता, २००१ मधे अल कायदासाठी दिलेल्या परवानगीच्या आधारावर.